माडाखालची लक्ष्मी

म्हाताऱ्या चिनी दुकानदाराने नाणं दिव्याखाली धरलं आणि भिंग डोळ्याला लावलं. शिवांगीने स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. बाहेर सिंगापूरचं ऊन मी म्हणत होतं, आणि ही स्वेटरात.

बाह्यांखालचे वळ काल आईला दाखवून झाले होते. नवऱ्याच्या, सारंगच्या पट्ट्याचे. "मला तुझ्याबरोबर घरी ने," एवढंच ती म्हणाली होती. आईचं परतीचं विमान उद्या दुपारचं. आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. 'पदरी पडलं पवित्र झालं' हे तिचं नेहमीचं पालुपदही काल निघालं नाही, म्हणून शिवांगीला वेडी आशा होती.

आज सकाळी आईने बॅगेतून डबी काढली. देव्हाऱ्यातली सोन्याच्या नाण्यावरची लक्ष्मी. घरातल्या प्रत्येक लेकीसुनेच्या गळ्यात पडलेली. तिची कडी तुटली होती. सेरंगून रोडवरचा सोनार ती जोडायला तयार होईना. फार जुनं दिसतंय, आधी नाणीवाल्याला दाखवा म्हणाला.

"रिअल वन, लाह," दुकानदार सिंगापुरी लकबीत म्हणाला. "रोमन. टू थाउजंड इयर्स, ऑलमोस्ट."

"काय म्हणतो गं?"

"खरं आहे. रोमन लोकांचं, दोन हजार वर्षांपूर्वीचं."

आईचा चेहरा उजळला. "म्हटलं नव्हतं? माडाखाली कशी ऐसपैस बसलीय बघ माझी माय!"

दुकानदार बोटाने दाखवत सांगत गेला. शिवांगीने भिंग मागून घेतलं, स्वतः पाहिलं, मगच बोलली.

"आई, हा माड नाही, खजूर आहे. आणि ही लक्ष्मी नाही. राजाने मुलूख जिंकला की त्या मुलखाला असं बाईच्या रूपात नाण्यावर काढायचे. कैदी आहे ही. हात मागे बांधलेत बघ. रडतेय, म्हणतात हे."

आईने भिंग घेतलं आणि ती वाकून पाहू लागली. शिवांगी नाण्याकडे नाही, आईकडे पाहत होती. आता कळेल हिला, आता तरी कळेल, असं तिला आतून वाटत होतं.

दुकानदाराने नाणं उलटं केलं. राजाच्या डोक्यावरच्या पानांच्या मुकुटातलं पान न् पान मोजून घ्यावं इतकं स्पष्ट होतं. मग बाईचं तोंडच एवढं गुळगुळीत कसं, त्याने विचारलं. शिवांगीने त्याला सांगितलं: दर शुक्रवारी तोंडाला हळदकुंकू लावायचं, दुसऱ्या दिवशी रिठ्याच्या पाण्याने घासायचं. चार पिढ्या. म्हातारा हळहळला.

"आता काय म्हणाला?"

"बाईचं तोंड कुणी झिजवलं, विचारतो. आम्हीच, म्हटलं."

आईने भिंग खाली ठेवलं. नाणं उचलून तिने पदराने पुसलं आणि डबीत घातलं.

"चल, दुसरा सोनार बघू. मी निघायच्या आत हे तुझ्या गळ्यात पडलं पाहिजे."

"आई, ती रडतेय गं."

"तोंडच राहिलं नाही तिला," आई म्हणाली. "कुणाला दिसतंय?"