घोडच्या वाळूतला दात

"देव द्यायचा न्हाई," मालनबाई हळूच म्हणाल्या आणि देवघरात बसून जड सहाणेवर चंदन उगाळत राहिल्या.

समोर बसलेले पार्थसर जुन्या हत्तींची जात ठरवणारे अभ्यासक. मालनबाईंचे सासरे कारभारी यांना घोड नदीच्या वाळूत दगड झालेला हत्तीचा दात, सुळा नव्हे, थोरली दाढ, सापडला होता, मोडून दोन तुकडे झालेला. एक तुकडा तपासायला म्हणून कुणी नेला, तो परत आला नाही. दुसरा कारभारींनी देवघरात ठेवला, हे श्रीगोंद्यापर्यंत ठाऊक होतं. देवघरात शेंदराचा गणपती होता; शेंदराखाली तोच दात असणार, असा सरांचा कयास होता.

सरांनी शांतपणे समजावलं. दाताच्या चघळायच्या अंगाला नागमोडी पांढऱ्या कडा असतात, त्यावरून जात कळते. हा बहुतेक नामाडिकस जातीच्या हत्तीचा, नर्मदेवरून नाव पडलेला.

"सापडला घोडला, आन नाव नर्मदेचं?"

पहिलं दिलेलं नाव बदलता येत नाही, तसा नियमच आहे, सर ओशाळून म्हणाले.

"मग आमच्या घरात त्येला जे नाव पडलं, तेबी बदलायचं न्हाई."

मुलगा आदिनाथ कावला. गावाचं नाव होईल म्हणाला. मागं नेणारेही असंच म्हणाले होते, याची आईने त्याला आठवण करून दिली.

शेवटी सरांनी जरासा शेंदूर काढून बघू का, असं विचारलं. मालनबाईंचा हात थांबला.

"दात निघाला तर घिऊन जा. न्हाई निघाला, तर पुन्यांदा ह्या दारात यायचं न्हाई."

सर कबूल झाले. मालनबाईंनी देवाची क्षमा मागितली आणि तुपाच्या बोटाने शेंदूर पुसला. खाली काळा पत्थर. सरांनी भिंग लावून पाहिलं. साधा खडक.

दुसरीकडे कुठे ठेवला असेल का, त्यांनी विचारलं.

"आईला आज चतुर्थी हाय," आदिनाथ पडल्या आवाजात म्हणाला. "उपासाला ती खोटं बोलत न्हाई."

"मामंजींनी देवघरात ठिवला, तो देवघरातच हाय. तुमच्या म्होरं हाय सगळं. बघा."

सरांनी शंख पाहिला, घंटा पाहिली, शेंदराच्या देवाला पुन्हा एकदा निरखलं आणि कोडं न सुटल्यासारखे उठले. निघताना मालनबाईंनी त्यांच्या कपाळाला ओलं गंध लावलं.

जीप वळली. आदिनाथ पाय आपटत मळ्याकडे गेला. मालनबाईंनी सहाण धुवायला घेतली, दोन्ही हातांनी पालथी केली आणि तिच्या नागमोडी पांढऱ्या कडांवर तांब्याभर पाणी सोडलं.