सावंतांच्या गाळ्यातला कोळसा

"मॅडम, तो मास्क काढा. आपल्या गाळ्यात त्याची गरज नाही," दत्ताराम सावंत म्हणाला.

प्रदूषण तपासायला आलेल्या संघमित्रा मॅडमनी मान हलवली, पण मास्क काही काढला नाही. भिंतीला ओळीने टेकवलेली दारं पाहत त्या शिडीकडे निघाल्या. दत्तारामला ते जरा लागलंच.

दिंडोशीच्या या गाळ्यात त्याची उभी हयात दारं-चौकटींना पॉलिश मारण्यात गेली होती. मागच्या वसाहतीतली पोरं खोकायला लागली आणि सगळ्या गाळ्यांना नोटिसा आल्या, तेव्हा शेजारचे मालक वकील शोधत फिरले. दत्तारामने फवारणीसाठी बंद खोली बांधली. थिनरची वाफ ओढून घेणारा पंखा बसवला आणि वाटेत कोळशाची पेटी लावली. वाफ कोळशात अडकायची, छपरावरच्या नळीतून नुसती हवा बाहेर जायची. कारागिरांना भारीतले मास्क आणले. जो लावणार नाही, त्याने गाळ्यात पाऊल टाकायचं नाही. स्वतः मात्र त्याने कधी लावला नाही. मालकाचं नाक मोकळं हवं, असं त्याचं म्हणणं.

त्या नाकाचा त्याला भारी अभिमान होता. पॉलिशवाल्यांची जुनी रीतच ती. दाराला नाक लावायचं, वास मेला की दुसरा हात मारायचा. हल्ली तर वास पटकन मरायचा. दत्ताराम "वाळलं" म्हणाला की लवू सवयीने बोट लावून पाहायचा आणि म्हणायचा, "जरा थांबूया, दादानू." लवू गावाकडचा, चुलत्याचा मुलगा. पहिल्यापासून घाबरट.

पेटी बसवणाऱ्यानेही सांगून ठेवलं होतं, वास यायला लागला की कोळसा बदला. शेजाऱ्यांना तो वरचेवर बदलावा लागे. दत्तारामचा पहिलाच अजून चालला होता. "हात आवरून फवारलं की कोळसा टिकतो," तो ज्याला त्याला सांगे. सावंत नाकाने कांदे सोलतो, असं लोक मागून म्हणत. म्हणेनात बापडे.

आज परवान्याचा निकाल होता. मॅडमचं वाफ मोजायचं यंत्र हो म्हणालं तर काम पुढे चालू. नाही म्हणालं तर गाळ्याला टाळं, आणि मुलुंडच्या टॉवरची अर्धी झालेली दारं तशीच पडून. दत्तारामला धाकधूक अशी नव्हतीच. उलट बाकीच्या मालकांनाही आजच बोलवायला हवं होतं, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

मॅडम छपरावरून उतरल्या आणि शटरबाहेरच्या बाकावर बसल्या. मास्क काढून त्यांनी रुमाल हाताशी ठेवला. चहा आला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप बाजूला सारला. गाळेवाल्याचं काही घ्यायचं नाही म्हणजे नाही, दत्तारामने मनात त्यांना शाबासकी दिली. आपला कप त्याने एका दमात संपवला. चव कसलीच नव्हती, पण हल्ली चहाच तसा मिळतो. घरी बायको प्रेमासुद्धा डॉक्टरांचं ऐकून इतकं मिळमिळीत रांधायला लागली होती की विचारू नका.

"काका, कोळसा कधी बदललात?"

"बदललाच नाही," दत्ताराम छाती फुगवून म्हणाला. "गरजच नाही पडली."

मॅडमनी यंत्र त्याच्यासमोर धरलं. "आकडा मर्यादेच्या चौपट आहे."

"यंत्र बिघडलंय तुमचं."

त्यांनी वाद घातला नाही. यंत्र रस्त्याकडे धरलं, आकडा खाली आला. ते घेऊन पुन्हा शिडी चढल्या, नळीपाशी धरलं, आकडा वर गेला. दत्ताराम मागोमाग चढला होता. त्याने नळीच्या तोंडाशी वाकून छाती भरून श्वास घेतला. मॅडमनी रुमाल नाकाला लावला होता.

"सांगा ना, कुठे आहे वास?" तो म्हणाला. "इतकी वर्षं या नाकावर धंदा केलाय, मॅडम. वसाहतीतली पोरं खोकली तेव्हा सगळ्यात आधी हात मी घातला खिशात. मी खोटं बोलेन?"

"नाही, काका," त्या म्हणाल्या. "तुम्ही खोटं बोलत नाही, हे दिसतंय मला."

ते ऐकून त्याला बरं वाटलं. दोघं खाली आली. तेवढ्यात लवू बंद डबा घेऊन गल्लीतून आला आणि त्याने मास्क हनुवटीवर ओढला.

"दादानू, वैनीन डबो धाडल्यान. वळखा बघू काय हा ता."

संघमित्रा मॅडमना हसू आलं. "हे काय ओळखायचं? भाजलेले सुके बोंबील. गल्लीच्या तोंडाशी होतात तेव्हाच कळलं."

दत्तारामने डबा घेतला. झाकण काढलं. दाराला लावायचा तसं नाक अगदी जवळ नेलं आणि श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"लवू," तो हळूच म्हणाला, "तुका येता वास?"