ओट्यावरचा हात

श्रीरंगचा तेरावा गावी उरकला. उदयनला बोलावणं नव्हतं. चौदाव्या दिवशी श्रीरंगच्या आई पहिल्यांदाच त्या दोघांच्या घरी आल्या. भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "त्याचा आवाज ऐकव रे एकदा."

उदयनने मोबाइल हातात घेतला. त्याच्या आणि श्रीरंगच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. लोकांची जुनी घरं नवी करायची आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे, यावरच दोघांचं पोट होतं. पहिला व्हिडिओ गाजला तेव्हा याच आईंचा फोन आला होता. "त्याला जगापुढे आणू नकोस. मला चार माणसांत वावरायचंय."

"काप मला," श्रीरंग हसून म्हणाला होता.

उदयनने इमानेइतबारे कापलं. चेहरा कापला, आवाज पुसला, आणि जागा अडते म्हणून मूळ चित्रण दर वेळी डिलीट केलं. दिवसभर कॅमेऱ्याशीच झटापट, त्यामुळे घरी दोघांनी तो कधी काढलाच नाही.

त्याने एक व्हिडिओ लावला. स्वयंपाकघराच्या अर्धवट ओट्यावर एक हात मोजायची टेप धरून होता.

"हा त्याचा."

"बोलत का नाही?"

"बोलला होता, आई. मी काढून टाकलं."

आईंनी त्या हातावरून बोट फिरवलं. बोट लागलं तसा व्हिडिओ पुढे सरकला आणि नवा, चकचकीत, रिकामा ओटा दिसू लागला.

"मागे ने रे," आई म्हणाल्या. "मागे ने."