नेट्टीचं जेवण

मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात काळ्या रूथी-मेनं मतदार यादीत नाव घातलं, आणि त्याच आठवड्यात तिला मिळणारं सरकारी पीठ-लोणी बंद झालं. शिधावाटपाच्या खिडकीतला गोरा कारकून हसत म्हणाला, "मत हवं होतं ना तुला? मग आता मतंच खा." पलीकडच्या रांगेतल्या गोऱ्या बायका आपापल्या पिशव्या उचलून मुकाट निघून गेल्या.

चार महिन्यांनी वरून हुकूम आला नि शिधा पुन्हा सुरू झाला. पिशवी उराशी धरून रूथी-मे भर दुपारी घरी पोचली, तर आतून ताटांचा आवाज येत होता. मुलं हसत होती. कुणी देवमाणूस जेवू घालून गेला की काय, म्हणून तिनं दारातून डोकावलं.

तिची तिन्ही मुलं ताटं घेऊन बसली होती. थोरली लूएला रिकाम्या पातेल्यातून वाढत होती. "अजून घे की गं, लाजतेस काय?" पाच वर्षांची नेट्टी कोरड्या ताटातून घास उचलून सावकाश चावत होती.

रूथी-मेनं चूल पेटवली. मक्याची जाड भाकर भाजली, वर लोणी घातलं. थोरली दोघं तुटून पडली. नेट्टीनं मात्र ताट बाजूला सारलं.

"खा गं बाळा, एकच घास. माझ्यासाठी."

"नको ना आई. आत्ताच तर जेवले."

रूथी-मेनं घास तिच्या ओठांना लावला. नेट्टीनं तोंड घट्ट मिटलं, पोटावरून हात फिरवला, आणि तिला चांगली मोठी ढेकर आली.