नवख्या हातासाठी मशीन

"स्वस्तातली बघ, पण मोडकी नको," मास्तर म्हणाले. "बटणावर चालणारी, सावकाश चालणारी, सुई ओवायला सोपी. हात अजून बसलेला नाही गं."

बारकीची कात्री कापडात अडली. मान वर न करता तिने विचारलं, "कुणाचा?"

"मशीन आण, मग कळेलच की," म्हणत मास्तर हसले आणि पडदा सारून आतल्या खोलीत गेले.

कळायचं काय राहिलं होतं, कप्पाळ? रोज सकाळी ती पांढऱ्या बुटांची पोरगी यायची. "येऊ का काका?" असं लाडात विचारायची आणि थेट पडद्याआड. मग आतून कुजबुज, मध्येच मशीनची अडखळती घरघर, आणि वर मास्तरांचं खळखळून हसणं. बारकीशी ते कधी असे हसले नव्हते. तिच्या वाट्याला आलेला शब्द एकच, "उसव."

बारकी या दुकानात काजं-बटणं करायला आली तेव्हा झग्यातली पोर होती, म्हणून ती बारकी. आता केस पिकायला लागले तरी बारकीच. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यामागे दुकान आपल्याला मिळेल, हे तिने कधी तोंडाने म्हटलं नव्हतं, पण मनात पक्कं धरलं होतं. मध्यंतरी मास्तर बहिणीकडे म्हणून गेले आणि बऱ्याच दिवसांनी परतले ते हाताला पट्टा बांधून. "घसरलो," म्हणाले. तेव्हापासून माप, कापणी, शिलाई सगळं बारकीच्याच गळ्यात. राबायचं हिने, आणि कौतुक त्या बुटांचं! आयत्या बिळावर नागोबा तो असाच येतो.

मागच्या आठवड्यात केर काढताना तिला पडद्याआडच्या चिंध्या सापडल्या होत्या. त्यांवरची टीप बघून तिला इतका आनंद झाला की तिने एक चिंधी उचलून थेट मास्तरांच्या नाकासमोर नाचवली.

"मास्तर, ही टीप आहे की दारुड्याची चाल?"

मास्तरांनी चिंधी घेतली, उजेडात धरली. "इतकी वाईट आहे?"

"मी घातली असती तर तुम्ही मला हाकलून दिलं असतं."

"दिलं असतं खरं."

"मग तोंडावर सांगून टाका ना. शिवणकाम हे काही सगळ्यांच्या नशिबात नसतं. उगाच आशेला कशाला लावायचं माणसाला?"

मास्तरांनी चिंधीची घडी करून ती खिशात ठेवली. बारकीला वाटलं, लागला टोला. आता ते बूट काही परत दिसायचे नाहीत.

आणि आज हे! हाकलणं राहिलं बाजूला, वर नवी मशीन! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच चपला पायात सरकवून ती मशीनवाल्याकडे गेली.

मशीनवाल्याने एक लहानशी पांढरी मशीन पुढे ठेवली. "नवख्या माणसाला हीच द्या, ताई. वेग इथे कमी करून ठेवायचा. मग कितीही घाबरलात तरी ही पळत नाही. बटण दाबलं की सुरू, पायाचं कामच नाही. आणि हा दांडा खाली ओढला की दोरा आपोआप सुईत."

बारकीने चालवून पाहिली. अगदी गरीब गाय. मास्तरांनी सांगितलेलं सगळं हिच्यात होतं, आणि म्हणूनच ती बारकीच्या डोळ्यांत खुपली. आपण दोरा थुंकीने ओला करकरून शिकलो. बोटांत सुया घुसल्या तेव्हा कुणी फुंकर घातली नाही. आणि या महाराणीसाठी आपोआप दोरा!

"ती कोपऱ्यातली?" तिने विचारलं.

"ती कारखान्यातून निघालेली. पैसे तेवढेच पडतील, पण ती तुमच्यासारखीला. पायाचा अंगठा टेकला की सुटते. नवखं माणूस बोट शिवून घेईल हो."

"तीच द्या."

"परत घेणार नाही हं, आधीच सांगतो."

"परत कोण आणतंय?"

वाटेत एकदा तिच्या मनात चर्र झालं, नाही असं नाही. पण लगेच पडद्याआडचं ते हसणं आठवलं. ते बूट भिऊन पळाले म्हणजे झालं. नाही तरी नव्याचे नऊ दिवसच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमालांनी मशीन आतल्या खोलीत लावून दिली. त्यांच्यामागोमाग बारकीही पडद्याआड गेली. ही मजा तिला डोळ्यांनी बघायची होती.

पोरगी मशीनभोवती फिरली, वाकून खाली पाहिलं. "काका, ही तर पायाची आहे. आपलं बटणाची ठरलं होतं ना?"

"असू दे," मास्तर म्हणाले. "बारकीने निवडलीय. तिने पारखलेल्या वस्तूकडे मी दुसऱ्यांदा बघत नाही."

बारकीने मान खाली घातली.

"आणि बारके, बाहेरची माझी मशीन आता तुझी. दुकानही तुझंच. तुझी टीप माझ्यापेक्षा सरळ आहे, हे मागेच सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं नाही."

बारकी पुटपुटली, "मास्तर, ही मशीन बदलून आणते मी. हिला झेपायची नाही."

"मला कशाला झेपायला हवी?" पोरगी हसली. "मला साधं बटण लावता येत नाही. मी फक्त काकांकडून हाताचा व्यायाम करून घेते." तिने स्टूल मशीनपुढे ओढलं. "या काका, बसा. उजवा हात मांडीवरच राहू दे, अर्धांगाचा झटका येऊन गेलाय त्याला, जोर नका लावू. डावा कापडावर, सुईजवळ. हां, अस्सा."

मास्तर लहान मुलासारखे हसले आणि त्यांनी पायडलवर पाय टेकला.