देवीचं माहेर

होडीतून देवीची पालखी उतरली, तरी आक्का कमरेवरची घागर कलती करीना. वर्षातून एकदा माहेरी येणाऱ्या देवीच्या पायांवर तिनं पाणी घातल्याशिवाय पालखी गावात शिरत नसे.

पैलतीरावरचं तालुक्याचं गाव दिसलं की तिच्या पोटात दुखायचं. महापुरानंतर कचेरी तिकडच्या टेकावर गेली. मागोमाग बाजार, एसटी आणि शेवटी देवीही.

"सगळं न्हेलंसा की! आता मिरवायला आलासा व्हय?"

पालखीबरोबरची तालुक्याची म्हातारी घाटावरच टेकली. "मिरवायला न्हवं गं. तिकडं समदं हाय. पण हिला माहेर कुठनं आणू?"

आक्काला फार दिवसांनी बरं वाटलं. तिनं घागर कलती केली, पण सावकाश. तालुक्याला जरा ताटकळू दे.

"ये बाई," ती देवीला म्हणाली, "चार दिवस जास्तच ऱ्हा. तिकडं करमू नये त्यास्नी."