बाल्कनीतली खुर्ची

कचऱ्याच्या डब्याचं झाकण खाडकन वाजलं आणि घरातली शांतता मोडली. नवऱ्याने सिगारेटचं शेवटचं पाकीट लायटरसकट टाकून दिलं होतं.

"हळूहळू कमी करणं माझ्याच्याने व्हायचं नाही. उद्यापासून एकदम बंद," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला चिडचिड होईल. सांभाळून घे."

"घेईन की! इतकी वर्षं तुझा धूर सांभाळला," मी हसून म्हणाले.

तलफ आली की चघळायला डॉक्टरांनी दिलेलं च्युइंगम मी त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवलं, थोडं उशाशी ठेवलं. बाल्कनीत ज्या खुर्चीवर बसून तो सिगारेट ओढायचा, ती आत ओढून आणली. लेक दारात उभी राहून सगळं बघत होती. तो अंघोळीला गेल्यावर हळूच माझ्या कुशीत शिरली.

"आई, आता बाबाला राग आला की तो कुठे जाणार?"